तळखड्याखालचा देव

वाड्याचा खांब थेट जमिनीवर उभा करत नाहीत, त्याच्याखाली तळखडा बसवतात. लाकडाला ओल लागू नये, वाळवी चढू नये, वरचं ओझं एका जागी रुतू नये म्हणून घडीव दगडाची ती बैठक. आपल्याकडे वाडे पडले, खांब गेले, पण तळखडे परसात कुठेतरी पडून असतात. कुणी त्यावर धुणं आपटतं, कुणी तुळशीची कुंडी ठेवतं. त्यामुळे मेक्सिको सिटीतल्या तेम्प्लो मायोर संग्रहालयात काळसर दगडाचा एक तळखडा समोर आला, तेव्हा तो काय आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. 16व्या शतकातल्या स्पॅनिश इमारतीचा तो दगड. वरच्या अंगाला खांब बसावा म्हणून घडवलेले गोल कंगोरे, युरोपी पद्धतीचे, नीटनेटके.

खालच्या अंगाला देव आहे.

त्लाल्तेकुह्त्ली हे त्याचं नाव. काही ठिकाणी तो पुरुष असतो, काही ठिकाणी बाई. आझ्टेक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या मेशिका लोकांची ही भूदेवता. बेडकासारखी उकिडवी बसलेली, हातपाय फाकलेले, पंजांना नख्या, मान मागे टाकलेली आणि जबडा आ वासलेला. मेलेल्या माणसाला हीच गिळते, मावळता सूर्यही हीच गिळते, आणि नवं जे काही जन्माला येतं तेही हिच्यातूनच येतं. मेशिका पाथरवट ही आकृती पुष्कळदा मूर्तीच्या तळाला कोरत. दगड जागेवर बसला की ती कुणालाही दिसायची नाही. ती माणसांसाठी कोरलेलीच नसे. ती ज्या जमिनीची, तिच्याच अंगाला अंग लावून पालथी असे.

स्पॅनिश लोकांनी देवळं पाडली आणि त्याच चिऱ्यांनी घरं, मठ आणि चर्च बांधायला घेतली. ओझी वाहणारे आणि छिन्नी चालवणारे हात मात्र इथलेच होते. त्यातल्या कुणीतरी देवळाचा हा दगड घेतला, वरचं अंग तासून त्याचा तळखडा केला, आणि खालचं अंग तसंच ठेवलं. मेहनत वाचली म्हणून ठेवलं असेल, असं म्हणता येतं. मला ते पटत नाही. असे तळखडे एकाहून जास्त सापडले आहेत. शिवाय क्रुसाच्या पायाशी, वेदीच्या मागे जुन्या मूर्ती लपवल्या जातात, अशा तक्रारी त्या काळच्या मिशनऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. माझं मन सांगतं, त्या पाथरवटाला नेमकं ठाऊक होतं की भूदेवतेची जागा खालीच असते. मालकानं वर खांब उभा केला. देव पूर्वीसारखाच जमिनीला तोंड लावून राहिला.

या दगडाला संग्रहालयानं कुठल्या दालनात ठेवावं? स्पॅनिशपूर्व की वसाहतकालीन? मेक्सिकोत फिरताना हा प्रश्न माझ्यामागे लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही.

* * *

तेनोच्तित्लान हे तळ्यातल्या बेटावर वसलेलं मेशिकांचं राजधानीचं शहर. 13 ऑगस्ट 1521 रोजी ते एर्नान कोर्तेस आणि त्याच्या स्थानिक मित्रफौजांच्या हाती पडलं. शहराच्या मधोमध एक प्रचंड जोडदेऊळ होतं. एका पायथ्यावर दोन गाभारे, एक युद्धाचा देव हुइत्सिलोपोच्त्लीचा आणि दुसरा पावसाचा देव त्लालोकचा. ते पाडलं गेलं. त्याच्या शेजारीच पुढे कॅथेड्रल उभं राहिलं, 1573 पासून 1813 पर्यंत त्याचं बांधकाम चाललं. तळं हळूहळू आटवलं. त्या भुसभुशीत गाळावर आजची मेक्सिको सिटी उभी आहे आणि ती खचते आहे. कॅथेड्रलची जमीन सगळीकडे सारखी खचत नाही, कारण त्याच्या काही भागांखाली जुनी पक्की बांधकामं गाडलेली आहेत. पाडलेल्या शहराचे चिरे चर्चला असे अजून खालून रेटतात. 1990च्या दशकात इंजिनिअरांनी कॅथेड्रलच्या उंच राहिलेल्या भागाखालची माती थोडी थोडी काढून त्याचा कल सावरला.

हे सगळं पाहताना मला गोवा आठवत राहिला. त्याच 16व्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतली देवळं पाडली. तेव्हा माणसांनी देव उचलले आणि नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. जुवारीच्या पलीकडे अंत्रुज महालात पोर्तुगीजांची सत्ता नव्हती, म्हणून ते देव वाचले आणि आजही पूजेत आहेत. तेनोच्तित्लानच्या लोकांनीही प्रयत्न केला. हुइत्सिलोपोच्त्लीच्या मूर्ती लपवल्याच्या आरोपावरून 1539 मध्ये तिथे धर्मन्यायालयात खटला चालला होता. पण त्यांच्या नदीला पलीकडचा तीर नव्हता. देवांना जायला एकच दिशा उरली, ती म्हणजे खाली.

* * *

अडीचशेहून अधिक वर्षांनी ते देव वर यायला लागले. 1790 मध्ये स्पेनच्या व्हाइसरॉयनं मुख्य चौकात फरसबंदी आणि पाण्याच्या निचऱ्याचं काम काढलं. 13 ऑगस्टला, म्हणजे शहर पडलं त्याच तारखेला, मजुरांच्या कुदळी एका अजस्र मूर्तीला लागल्या. कोआत्लिक्वे, सापांचा घागरा नेसलेली आई. तिच्या मानेच्या जागी दोन साप समोरासमोर तोंड करून आहेत आणि त्या दोघांचं मिळून एक तोंड होतं. गळ्यात माणसांच्या हातांची आणि काळजांची माळ, मधोमध कवटी. उंची अडीच मीटरहून जास्त. त्याच वर्षी 17 डिसेंबरला सूर्यशिळा सापडली. साडेतीन मीटरहून अधिक व्यासाची आणि सुमारे 24 टन वजनाची ही शिळा आता मेक्सिकोच्या नाण्यांवरही दिसते.

दोन्ही दगड एकाच चौकातले, एकाच वर्षी सापडलेले. त्यांच्या वाट्याला मात्र अगदी वेगळं नशीब आलं. सूर्यशिळेवरची चिन्हं पंचांगासारखी आहेत. विद्वानांना तिच्यात गणित दिसलं, खगोल दिसला, म्हणून ती कॅथेड्रलच्या पश्चिमेकडच्या मनोऱ्याच्या भिंतीला लावून ठेवली. 1885 पर्यंत, जवळजवळ शतकभर, ती तिथे ऊनपावसात उभी होती. कोआत्लिक्वेत कुणाला पंचांग दिसेना. तिला विद्यापीठाच्या चौकात नेऊन ठेवलं.

आणि माणसं यायला लागली. बेनितो मारिया दे मोशो या धर्मगुरूनं 1805 मध्ये लिहून ठेवलं आहे की मूलनिवासी लोक आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिच्यासमोर मेणबत्त्या लावत आणि फुलांच्या माळा वाहत. पावणेतीनशे वर्षांत कुणी तिला पाहिलेलं नव्हतं. आजोबा-पणजोबांनीही नाही. तरी ती वर आल्याबरोबर लोकांनी तिला ओळखलं. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी मग तिला तिथेच, अंगणातच, पुन्हा पुरलं. 1803 मध्ये जर्मन प्रवासी हुम्बोल्ट आला, त्याला ती पाहायची होती. एका बिशपनं रदबदली केली, तिला उकरून काढलं, हुम्बोल्टनं पाहिलं, आणि पुन्हा माती लोटली. 1823 मध्ये विल्यम बुलक या इंग्रजासाठी ती परत उकरली. त्यानं तिचा साचा घेतला आणि पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात मांडला.

संग्रहालय म्हणजे जपणूक, असं आपण सहज म्हणतो. कोआत्लिक्वेच्या बाबतीत आधी जपलं ते मातीनं. भाविकांसाठी तिला झाकलं गेलं आणि पाहुण्यांसाठी उघडलं गेलं. 1825 मध्ये, मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर, पहिले राष्ट्राध्यक्ष ग्वादालुपे व्हिक्तोरिया यांनी राष्ट्रीय संग्रहालय स्थापन करायचा हुकूम काढला. कोआत्लिक्वेला कायमची जागा मिळायला तिथून सुरुवात झाली. आज ती शहरातल्याच चापुल्तेपेकच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात, मेशिका दालनात उभी आहे.

तिच्या तळाशीही त्लाल्तेकुह्त्ली कोरलेली आहे. अंतोनियो दे लेऑन इ गामा या खगोलाच्या अभ्यासकानं 1792 मध्ये दोन्ही दगडांवर पुस्तक काढलं. त्यातल्या चित्रांत हा तळही दाखवला आहे. आता ती चौथऱ्यावर आहे आणि तळ कुणाला दिसत नाही. मी तिच्यासमोर बराच वेळ थांबले होते. शाळेची मुलं येत होती, वहीत काहीतरी टिपून घेत होती, पुढे जात होती. कोकणात देवळाच्या दाराशी तेलाशेंदरानं माखलेली वीरगळ असते आणि तसलीच वीरगळ संग्रहालयात घासूनपुसून, लेबल लावून ठेवलेली असते. त्या दोन्ही पाहताना मन ज्या प्रकारे हलतं, तसंच इथे झालं. दगड तोच. त्याच्यापुढे हात जोडायचे की हात मागे बांधून उभं राहायचं, एवढंच बदलतं, आणि त्यानं सगळंच बदलतं.

* * *

1964. मेक्सिकोच्या संग्रहालयांच्या गोष्टीत हे वर्ष पुन्हा पुन्हा येतं.

राष्ट्राध्यक्ष लोपेस मातेओस यांच्या कारकिर्दीत पेद्रो रामिरेस वास्केस या वास्तुविशारदानं चापुल्तेपेकचं मानवशास्त्र संग्रहालय 19 महिन्यांत उभं केलं. मधल्या अंगणावर एकाच खांबानं तोललेलं विशाल छप्पर आहे, लोक त्याला छत्रीच म्हणतात. त्या खांबाभोवतीनं पाण्याचा पडदा कोसळत असतो. या इमारतीच्या दाराशी एक मोठा देव हवा होता, आणि तसा देव कोआत्लिंचान गावात होता.

गावाजवळच्या ओढ्याच्या पात्रात सात मीटर लांबीची, 168 टन वजनाची मूर्ती शतकानुशतकं उताणी पडलेली होती. अंगावर वाटीसारखे खळगे, म्हणून लोक तिला तेकोमातेंची शिळा म्हणत. विद्वानांत वाद होता, काही म्हणत पावसाचा त्लालोक, काही म्हणत पाण्याची देवी चाल्चिउत्लिक्वे. गावाला त्या वादाशी कर्तव्य नव्हतं. शिळा त्यांची होती. मुलं तिच्यावर खेळत, बायामाणसं तिच्यापाशी जात, आणि पाऊस तिच्यामुळे पडतो ही श्रद्धा होती. सरकारनं ती मागितली आणि बदल्यात शाळा, दवाखाना, रस्ता देऊ केला. फेब्रुवारी 1964 मध्ये प्रचंड गाडा गावात आला तेव्हा गावकऱ्यांनी शिळेला बांधलेले दोर तोडले आणि गाड्याची मोडतोड केली. मग लष्कर आलं. 16 एप्रिलला शिळा गावाबाहेर पडली. रात्री ती राजधानीच्या रस्त्यांवरून जात होती, विजेच्या तारा वर उचलून धरल्या होत्या, दुतर्फा माणसं उभी होती. पावसाळ्याला अजून अवकाश होता, आणि त्या रात्री शहरावर मुसळधार पाऊस कोसळला.

ही पावसाची गोष्ट मेक्सिकोत सगळे कौतुकानं सांगतात. देवानं शहराला आशीर्वाद दिला, असा तिचा सूर असतो. कोआत्लिंचानमध्ये उभं राहून ती ऐकली तर सूर निराळा लागतो. ज्यांच्या रानावर पाऊस पडावा म्हणून तो देव होता, त्यांचा पाऊस त्या रात्री राजधानीत पडला. 2007 मध्ये गावाच्या चौकात शिळेची प्रतिकृती बसवली. मूळ शिळा पासेओ दे ला रेफोर्मा या हमरस्त्याच्या कडेला उभी आहे, तिकीट न काढताही दिसते. शेकडो वर्षं आडव्या पडलेल्या देवाला त्यांनी उभं केलं. जवळून पाहिलं की चेहरा जवळपास झिजून गेलेला दिसतो. पाण्यानं, वाऱ्यानं आणि कदाचित पोरांच्या पावलांनीही.

कवी ओक्ताव्हियो पाझ हे त्या काळी भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. 2 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको सिटीत त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा त्यांनी दिल्लीतलं ते पद सोडलं. पुढे 1970 मध्ये त्यांनी चापुल्तेपेकच्या या संग्रहालयावर कठोर टीका केली. त्यांचं म्हणणं असं की इमारतीची सगळी रचनाच मेशिकांकडे नेते, मधलं मोठं दालन त्यांचं, बाकी सगळ्या संस्कृती जणू त्यांच्या दारात ताटकळणाऱ्या. मेशिकांचं साम्राज्य जिंकणारं होतं, खंडणी घेणारं होतं, आणि आधुनिक सरकार त्यांच्यात आपलाच चेहरा बघतं. दालनं फिरताना मला हे पदोपदी जाणवलं. आणखी एक गोष्ट मला टोचली. तळमजल्यावर मेलेल्या संस्कृती, वरच्या मजल्यावर जिवंत माणसांच्या. खाली शिळा, सोनं, मुखवटे आणि रेटारेटी. वर आजही नाहुआत्ल, मिश्तेक, माया भाषा बोलणाऱ्या लोकांची घरं, माग, कपडे, आणि पायऱ्या चढून येणारं क्वचितच कुणी. खालच्या दगडांचे वारस वरच्या मजल्यावर आहेत, पण खालून वर जाणारी वाट बहुतेक लोक चालतच नाहीत.

* * *

चापुल्तेपेकचं संग्रहालय 17 सप्टेंबर 1964 रोजी उघडलं. दोन दिवसांनी, 19 तारखेला, राजधानीच्या उत्तरेला तेपोत्सोत्लान गावात दुसरं राष्ट्रीय संग्रहालय उघडलं, विर्रेइनातोचं, म्हणजे व्हाइसरॉयांच्या तीनशे वर्षांचं. देशाची स्मृती त्या आठवड्यात दोन इमारतींत वाटली गेली. कोर्तेसच्या आधीचं एकीकडे, नंतरचं दुसरीकडे. पुढे 1972च्या कायद्यानं हीच रेघ पक्की केली. स्पॅनिशपूर्व काळातलं जे काही जमिनीत सापडेल ते राष्ट्राचं, शेतात नांगराला लागलेला मातीचा घटसुद्धा. वसाहतकाळातली वस्तू मात्र खाजगी मालकीची असू शकते, सरकारचं तिच्यावर लक्ष असतं इतकंच.

तेपोत्सोत्लानचं संग्रहालय म्हणजे पूर्वीचं जेझुइट विद्यालय. मिशनरी इथे स्थानिक भाषा शिकत. 1767 मध्ये स्पेनच्या राजानं जेझुइटांना हाकललं, वेद्या मात्र राहिल्या. चर्चमध्ये पाऊल टाकलं की जमिनीपासून छतापर्यंत नुसतं सोनं. लाकडात कोरलेले संत, देवदूत, वेली, फळं, आणि सगळ्यावर सोन्याचा वर्ख. डोळा ठरत नाही. मला तिथे फार वेळ थांबवलं नाही, इतक्या सोन्यापुढे माझं मन गप्प होतं.

मला थांबवलं ते एका चौकटीनं. पिसांचा ख्रिस्त. 16व्या शतकातली ही प्रतिमा, जगाचा तारणहार म्हणून आशीर्वाद देणारा येशू, आणि सगळं काम पक्ष्यांच्या पिसांचं. मेशिकांमध्ये पिसांचं काम करणाऱ्या कारागिरांना अमांतेका म्हणत, राजांचे शिरपेच आणि योद्ध्यांच्या ढाली ते घडवत. पीस ज्या कोनातून प्रकाश घेतं त्याप्रमाणे रंग हलतो. एक पाऊल डावीकडे सरकलं की निळं हिरवं होतं, उजवीकडे सरकलं की विझतं. त्या माणसानं पक्षी ओळखले, पिसं निवडली, कातरली, एकावर एक चिकटवली, हे सगळं त्याच्या बापानं जसं केलं असेल तसंच. फक्त चेहरा नवा होता. आपल्या देवाच्या तेजासाठी जे पीस वापरायचं तेच त्यानं नव्या देवाला वाहिलं. याला धर्मांतर म्हणा, नाइलाज म्हणा, मला त्यात हाताची निष्ठा दिसली. हात जे जाणतो ते सोडत नाही.

मिचोआकान भागात मक्याच्या ताटांच्या गाभ्यापासून आणि डिंकापासून ख्रिस्ताच्या मूर्ती करत. अंगानं मोठ्या, वजनाला हलक्या, मिरवणुकीत खांद्यावर सहज घेता येतील अशा. ही कला पुरेपेचा लोकांची, स्पॅनिश लोकांच्या आधीची. मेक्सिकालत्सिंगो गावातल्या अशाच एका क्रुसावरच्या ख्रिस्ताची 1940च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा त्याच्या आतल्या पोकळीत जुन्या चित्रलिपीतल्या नोंदींचे कागद निघाले. मूर्तीला आकार देण्यासाठी आत भरलेले. कायद्याची रेघ ज्या दोन काळांमधून जाते, ते दोन्ही काळ एका मूर्तीच्या पोटात आणि पाठीत होते.

म्हणून दोन इमारतींच्या या वाटणीबद्दल माझं मन नाराज आहे. अभ्यासाच्या सोयीसाठी रेघ लागते, हे मान्य. पण चापुल्तेपेकहून बाहेर पडणाऱ्या मुलाला वाटतं की मेशिका संपले, आणि तेपोत्सोत्लानहून बाहेर पडणाऱ्याला वाटतं की सगळं सोनं समुद्रापलीकडून आलं. पिसं कातरणारा माणूस दोन्हीकडून निसटतो.

* * *

21 फेब्रुवारी 1978 च्या पहाटे वीज कंपनीचे कामगार कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला रस्ता खणत होते. दोनेक मीटर खाली त्यांना कोरीव दगड लागला. सव्वातीन मीटर व्यासाची गोल शिळा, तिच्यावर कोयोल्शाउकी, हुइत्सिलोपोच्त्लीची बहीण, भावानं मारून तुकडे केलेली. जोडदेवळाच्या पायऱ्यांशी ती असायची, म्हणजे देऊळ इथेच होतं. एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं.

खणायचं तर वरच्या इमारती पाडाव्या लागणार. 13 पाडल्या. त्यातल्या बहुतेक 1930च्या दशकातल्या होत्या, पण चार 19व्या शतकातल्या, आणि त्यांच्यात वसाहतकाळाचे अवशेष होते. देवळासाठी घरं गेली, जशी एकेकाळी घरांसाठी देवळं गेली होती. तेव्हा त्यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण खालून जे आलं त्यानं सगळ्यांना गप्प केलं. एकामागून एक सात टप्प्यांत वाढवलेलं देऊळ, प्रत्येक नवं जुन्याला पोटात घेऊन बांधलेलं, आणि सात हजारांहून अधिक वस्तू. 1987 मध्ये शेजारीच संग्रहालय उघडलं.

2006 मध्ये तिथेच त्लाल्तेकुह्त्लीची सर्वांत मोठी शिळा सापडली, सुमारे 12 टनांची, चार तुकड्यांत, आणि अंगावर मूळचे रंग. लाल, गेरवट, निळा, पांढरा, काळा. उताणी ठेवलेली. पालथ्या भूदेवतांच्या जगात ही एकटी आभाळाकडे पाहत होती. पाचशे वर्षं ओल्या मातीत टिकलेले रंग हवा लागताच सुटू लागतात, त्यामुळे तिला आधी हळूहळू स्थिर करावं लागलं आणि मग संग्रहालयात नेलं.

याहून नाजूक काम लाकडाचं. देवळात पुरलेल्या अर्पणांमध्ये लाकडाच्या शेकडो वस्तू निघाल्या आहेत, राजदंड, भाले, मुखवटे, दागिने. त्या टिकल्या त्या चिखलाच्या पाण्यामुळे. लाकडाच्या कणाकणात पाणी भरलेलं, आणि आता तेच पाणी त्याला आकार देतं. उघड्यावर वाळू दिलं की ते आक्रसतं, पीळ पडतो, भुगा होतो. म्हणून इथले संवर्धक लाकूड कोमट साखरेच्या द्रावणात ठेवतात. लॅक्टिटॉल, ट्रेहॅलोज अशी या साखरांची नावं. आधी पातळ द्रावण, मग थोडं दाट, मग आणखी दाट. दिवसामागून दिवस पाणी बाहेर निघतं आणि साखर आत जागा घेते. आवळा जसा पाकात मुरतो, एकदम दाट पाकात टाकला तर चिरमडतो आणि हळूहळू मुरवला तर टपोरा राहतो, तसंच. पाचशे वर्षांपूर्वी पुजाऱ्यानं वाहिलेली काठी मुरंब्यासारखी मुरवून वाचवतात, हे समजलं तेव्हा संग्रहालय या शब्दाला माझ्या मनात एकदम माजघराचा वास आला.

* * *

ऑक्टोबरच्या अखेरीस मेक्सिकोचे चौक झेंडूनं भरून जातात. 1 आणि 2 नोव्हेंबरला मेलेली माणसं घरी येतात, त्यांना वाट दिसावी म्हणून उंबऱ्यापासून फोटोपर्यंत पाकळ्यांची पायवाट घालतात. नाहुआत्ल भाषेत झेंडूचं नाव सेम्पोआल्शोचित्ल, वीस फुलं. हे फूल मूळचं तिथलंच. युरोपी गलबतांच्या व्यापारानंतर ते आपल्याकडे आलं आणि दसऱ्याच्या तोरणात असं बसलं की आपल्याला ते परकं वाटतच नाही. चिकूही तिथलाच, नावासकट. फुलांना कुणी स्पॅनिशपूर्व आणि वसाहतकालीन म्हणत नाही. ती नुसती वाहिली जातात.

जुन्या गोव्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचं संग्रहालय आहे, संत फ्रान्सिस ऑफ असिसीच्या मठात. तेही 1964 सालचंच. तळमजल्यावर कदंबकालीन विष्णू, वीरगळ, सतीशिळा. तिथेच पोर्तुगीज कवी कामोइंशचा ब्राँझचा पुतळा, जो पूर्वी बाहेर चौकात होता, आणि गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कचाही. वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांची तैलचित्रं रांगेनं. मेक्सिकोहून परत आल्यावर मी मुद्दाम तिथे गेले. पूर्वी मला हे संग्रहालय विस्कळीत वाटायचं, एका छताखाली काय काय कोंबलंय असं. आता ते मला खरं वाटलं. वीरगळीतला घोड्यावरचा वीर आणि आल्बुकेर्क एकमेकांना दिसतील अशा अंतरावर आहेत. त्यांना वेगळ्या इमारतींत ठेवलं असतं तर बघणाऱ्याला दोघांची भेट कधीतरी झाली होती हेच विसरायला झालं असतं.

मेक्सिको सिटीत एका जागी मला हीच गोष्ट आणखी उघडी दिसली. मुख्य चौकापासून दक्षिणेला पिनो सुआरेस रस्त्यावर सांतियागो दे कालिमायाच्या काउंट घराण्याचा वाडा आहे. 1964 पासून तिथे शहराचं संग्रहालय आहे. वाड्याच्या कोपऱ्यात, भिंतीच्या तळाशी, दगडी सापाचं डोकं आहे. मेशिका देवळाच्या कुठल्यातरी पायरीशी असलेलं. 16व्या शतकात कोर्तेसचा नातेवाईक असलेल्या पहिल्या मालकाच्या घराला ते कोनशिला म्हणून लागलं. 18व्या शतकात वाडा पुन्हा बांधला तेव्हाही ते काढलं नाही. दोन वेळा त्या घरानं ठरवलं की हे डोकं इथेच राहू दे.

मी गेले तेव्हा संध्याकाळ होती आणि नुकताच पाऊस थांबला होता. वरच्या चिऱ्यांमधून निथळणारं पाणी सापाच्या कपाळावरून जबड्यात उतरत होतं. फुटपाथवरून घरी परतणाऱ्या माणसांची गर्दी होती. एका आजीनं बाजाराची पिशवी खाली ठेवली, दम घेण्यासाठी भिंतीला टेकली, आणि न बघताच डावा हात त्या डोक्यावर ठेवला, घरातल्या उतरंडीवर ठेवावा तसा. थोड्या वेळानं पिशवी उचलून ती चौकाच्या दिशेनं निघून गेली.